निवृत्तीनंतर गाडीतला मुक्काम: मराठवाड्याच्या डोंगरांत शरदातली भटकंती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं लातूरचे, दोघंही निवृत्त. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, हे एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली. पाऊस उघडला की आम्ही बालाघाटात, अजिंठ्याच्या रांगेत, माहूरच्या डोंगरात जाऊन राहतो. लग्नाकार्यात, बँकेत, दवाखान्याच्या बाकड्यावर लोक आम्हाला जे विचारतात, ते इथं एका जागी लिहिलं आहे. विचारणारे बहुतेक आमच्याच वयाचे असतात, म्हणून गुडघे, औषधं आणि रात्रीची सोय यांवर जरा जास्त लिहिलं आहे.

मराठवाड्यात डोंगर आहेत तरी कुठं?

हा प्रश्न मराठवाड्यातलीच माणसं विचारतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. दुष्काळ आणि सपाट काळी रानं एवढंच आपण आपल्याविषयी ऐकत आलो.

उत्तरेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे: कन्नड, सोयगाव, सिल्लोड, फर्दापूर. म्हैसमाळ, पितळखोरा, गौताळ्याचं जंगल, अंतूरचा किल्ला सगळं तिकडंच. दक्षिणेला बालाघाट. तो पाटोद्याकडून मांजरसुंबा, धारूर, अंबाजोगाई असा लातूर-नांदेडकडं जातो, आणि त्याचाच एक भाग येडशी, तुळजापूरच्या बाजूला उतरतो. आमच्याकडं गोदावरीकाठच्या मुलखाला गंगथडी म्हणतात आणि वरच्याला घाट. मांजरा या घाटावरच पाटोदा तालुक्यात उगम पावते. बिंदुसरा आणि सिंदफणाही याच डोंगरांतल्या. तिसरा टापू नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, किनवट-माहूरचा. तिथं सागाचं जंगल आहे आणि पैनगंगा आहे.

हे डोंगर उंच नाहीत, म्हैसमाळसुद्धा समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटरच्या आत-बाहेर. मोटारीनं अर्ध्या तासात घाट चढून पलीकडं उतरता येतो, आणि म्हणूनच ते कुणाला दिसत नाहीत. इथं रात्र काढावी लागते. पहाटे दरीतलं धुकं वर येताना, संध्याकाळी मोर झाडावर चढताना बघायचं तर माणूस तिथं असला पाहिजे. आम्ही गाडी फिरायला कमी आणि थांबायला जास्त वापरतो.

याच दिवसांत का? उन्हाळ्याच्या सुट्टीत का नाही?

उन्हाळ्यात इथले डोंगर तापलेल्या दगडाचे असतात आणि पाणी नसतं. पावसाळ्यात चिखल आणि निसरड्या वाटा. दसऱ्याच्या आसपास परतीचा पाऊस थांबतो आणि हवा धुतल्यासारखी होते. ऑक्टोबरमध्ये दुपारी ऊन चांगलंच लागतं, पण रात्री घाटावर पांघरूण लागतं.

अश्विनात धबधबे अजून वाहत असतात, पठारांवर सोनकी आणि कुर्डू असतात, सोयाबीनची मळणी चाललेली असते. कार्तिकात गवत सोनेरी होतं, तूर पिवळी फुलते, रब्बीची ज्वारी कोंब वर काढून उभी राहते. मला स्वतःला कार्तिक जास्त आवडतो, ह्यांना अश्विन. त्यामुळे दोन्ही करतो, मध्ये दिवाळीला घरी येतो. मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते, त्या दिवशी रानात पूजा आणि भज्जी-आंबील सोडून कुठं जायचा प्रश्नच नाही.

एक सावधगिरी. परतीचा पाऊस दरवर्षी वेळेवर जातोच असं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूरकडं किती अतिवृष्टी झाली ते सगळ्यांनी भोगलं आहे. अशा वर्षी लहान पूल आणि नळकांडी खचलेली असतात. आतल्या रस्त्याला लागण्याआधी गावातल्या टपरीवर विचारायचं, "पुलावरनं मोठी गाडी जाती का?" नकाशावरचा रस्ता आणि गावातल्या माणसाचा रस्ता यांत फरक पडला तर माणसाचं ऐकायचं.

गाडी विकत घ्यावी की भाड्यानं?

पहिल्यांदा भाड्यानंच. मुंबई-पुण्याकडं कॅम्पर भाड्यानं देणारे आहेत. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून लोकांना हा प्रकार निदान ऐकून माहीत आहे. चार-पाच रात्री काढल्याशिवाय आपल्या पाठीला आणि स्वभावाला हे मानवतं का ते कळत नाही.

विकत घेणार असाल तर लांबीचा मोह नको. फार लांब गाडी धारूरच्या घाटात आणि गावातल्या चौकात वळत नाही. उंचीही पाहा. लोंबत्या विजेच्या तारा आणि रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या ही आमच्या भागातली रोजची गोष्ट आहे.

लायसन्स आणि आरटीओचं काय?

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालते. वयाची ५५ वर्षं झाल्यावर लायसन्सचं नूतनीकरण ५ वर्षांपुरतंच होतं, आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागतं. तारीख आधी बघून ठेवा.

गाडीत आतून बदल करायचे असतील तर आधी आरटीओची परवानगी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकात जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे. सीट काढून पलंग टाकला आणि कागदावर जुनीच आसनसंख्या राहिली, तर अपघाताच्या वेळी विमा अडतो. गॅरेजवाला "काही होत नाही ताई" म्हणतो, पण दाव्याचा कागद भरताना तो आपल्याबरोबर नसतो.

रात्री थांबता कुठं? भीती वाटत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

आम्ही चार प्रकारच्या जागी थांबतो. पहिली देवस्थानं: भक्तनिवासाच्या आवारात, ट्रस्टच्या कार्यालयात नाव लिहून, खोलीचे पैसे देऊन. खोली घेतली की संडास-बाथरूमची सोय होते आणि झोपायला आपली गाडी असतेच. दुसरी, हमरस्त्यावरचे मोठे, रात्रभर चालू असणारे पेट्रोल पंप. तिथं डिझेल भरायचं, व्यवस्थापकाला सांगायचं आणि ट्रकच्या वाटेतून बाजूला लावायचं. तिसरी, पर्यटन महामंडळाची निवासस्थानं; फर्दापूरला अजिंठ्याच्या पायथ्याशी आहे. चौथी आणि आमची आवडती, शेतकऱ्याचं रान.

रानात थांबायची रीत आहे. अंधार पडायच्या आत गावात पोचायचं. आधी चहा घ्यायचा, बसायचं. आपण कुठले, कुणाचे, पाहुणे कुठं आहेत हे बोलणं होऊ द्यायचं. मराठवाड्यात दोन गावांपलीकडं ओळख निघतेच. मग विचारायचं, "दादा, रात्रभर गाडी लावली तर चालंल का तुमच्या खळ्यावर?" आजवर नकार क्वचितच आला, आणि जिथं आला तिथं कारण होतं: मळणी यंत्र येणार होतं, किंवा घरात दुखवटा होता. पेरलेल्या रानात चाक घालायचं नाही, विहिरीजवळ भांडी घासायची नाहीत. सकाळी पैसे पुढं केले तर माणसं दुखावतात. मी घरातल्या मुलांसाठी वह्या आणि बाईसाठी ब्लाउजपीस नेते. निघताना आग्रहानं दिलेली शेंगांची पिशवी मात्र नाही म्हणायची नाही.

निर्मनुष्य पठारावर, धबधब्याजवळ, किल्ल्याच्या माचीवर आम्ही थांबत नाही. दिसायला सुंदर जागा रात्रीची चांगली असतेच असं नाही. रात्री दार वाजलं तर दार न उघडता बोलायचं. ११२ नंबर दोघांच्याही फोनमध्ये पाहिजे, आणि मुक्कामाचं गाव लेकाला किंवा लेकीला रोज कळवायचं.

आणि बिबट्या?

आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे, आष्टी-पाटोद्याकडं आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, ते त्या भागातले लोक अजून सांगतात. वाघही येतो. विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत निघालेला एक वाघ २०२१ मध्ये गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला, आणि पुढं दुसरा येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात येऊन राहिला. केवढा पल्ला चालून आला तो! मला याचा अभिमान वाटतो, जंगल थोडंतरी शिल्लक आहे म्हणूनच तो आला.

अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही, तो गुन्हा आहे. बाहेरच्या गावातही अंधारात एकट्यानं लघवीला लांब जायचं नाही, खरकटं बाहेर टाकायचं नाही, कुत्रं बरोबर असेल तर गाडीत घ्यायचं.

खरी काळजी लहान जिवांची. दगड उचलताना फुरसं आणि विंचू, लेण्यांच्या कड्याला आग्या मोहोळ, आणि कार्तिकात वाळलेली खाजकुयली. तिच्या शेंगांना हात लावू नका, वाऱ्याच्या बाजूनं तिच्याखालून जाऊही नका. कुसळी गवतात सुती साडी किंवा पायजमा नको, कुसळं काढता काढता संध्याकाळ जाते.

घाटात गाडी चालवायची भीती वाटते. काय लक्षात ठेवावं?

हे उत्तर ह्यांचं आहे, मी लिहून घेतलंय.

"ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा माणूस ब्रेक जाळतो. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा आणि सोडायचा, वेग इंजिनानं धरायचा. जळका वास आला की जागा बघून बाजूला थांबायचं, थंड होऊ द्यायचं, वरून पाणी ओतायचं नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. नियमही तोच आहे आणि रीतही तीच. वळणावर हॉर्न, आणि रात्री वळणाआधी डिपर. उतारावर थांबलं तर हँडब्रेक, गिअर आणि चाकाला उटी, तिन्ही. उटीचा दगड रस्त्यावर टाकून जायचं नाही, मागून मोटारसायकलवाला येत असतो.

धारूरचा घाट अरुंद आहे, तिथं घाई करणाऱ्याला पुढं जाऊ द्यावं. कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांवर न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली. आपली गाडी हलक्या वाहनात बसते का ते आधी बघावं. माहूरच्या डोंगरावर मोठी गाडी नेण्यापेक्षा खाली लावावी आणि एसटीनं वर जावं."

एवढं बोलून ते थांबले. त्यांनी सगळी नोकरी हे करण्यात घालवली, त्यामुळे त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

मी एक भर घालते. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडं निघतात. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं. पुढं हंगाम चालू झाला की उसानं भरलेल्या बैलगाड्या. कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. सूर्य मावळला की आम्ही गाडी चालवत नाही, ते मुख्यतः यासाठी. कार्तिकात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून चारला मुक्काम गाठायचा. माझ्या शाळेतली मुलं याच ट्रॉल्यांवर बसून दिवाळीआधी निघून जायची. त्यांच्या अंगावर आपल्या गाडीचा प्रकाश पडतो तेव्हा वेग आपोआप कमी झाला पाहिजे.

पाणी आणि संडासाचं काय करता?

दोघांना काटकसरीनं दिवसाला तीस-पस्तीस लिटर पुरतं, म्हणजे शंभर लिटरची टाकी तीन दिवस जाते. मराठवाड्याच्या माणसाला पाणी जपून वापरायला शिकवावं लागत नाही. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्रावर भरून.

गाडीत डब्याचा सुटा संडास आहे. रात्री गुडघेदुखीच्या माणसाला बाहेर उतरावं लागत नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. तो डबा फक्त संडासातच रिकामा करायचा; ओढ्यात, नाल्यात, रानाच्या कडेला कधीही नाही. खालच्या गावचे लोक तेच पाणी पितात.

वीज?

छतावर सौर पॅनेल आणि आत लिथियम बॅटरी. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,२०० वॉट-तास देते. लहान फ्रिज दिवसाला साधारण ५००, रात्रभर पंखा २००, दिवे आणि फोन १००. म्हणजे एक ढगाळ दिवस कसाबसा निघतो. साध्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणं तिच्या तब्येतीला बरं, म्हणून तिथं दुप्पट आकाराची लागते. इंडक्शन शेगडी आणि एसी यांचा विचार सोडा. शरदात एसी लागतही नाही.

स्वयंपाक गाडीतच का?

सकाळचा गाडीत, दुपारचा मिळेल तिथं. पाच किलोचा गॅस सिलिंडर, शेगडी लावताना दार उघडं, झोपताना रेग्युलेटर बंद. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट आणि येसर एवढं घरून नेलं की बाकीचं गावात मिळतं. घाईच्या सकाळी सुशीला: चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, वर शेंगदाणे. दहा मिनिटांत पोट भरतं आणि पाणीही कमी लागतं.

या दिवसांत बालाघाटात सीताफळं असतात. डोंगरउतारावरची, पाऊस पिऊन वाढलेली, आकारानं लहान आणि गोडीला फार मोठी. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून घ्या आणि घासाघीस करू नका. पहाटे डोंगर चढून तिनं ती उतरवलेली असतात. भूम-वाशीकडं गेलात तर कुंथलगिरीचा पेढा. साखरेचा विचार करून एकच खाल्ला, तरी खा.

साखर, बीपी, हृदयाच्या गोळ्या. दवाखाना लांब पडला तर?

वाटतं तेवढा लांब नसतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, म्हणजे बालाघाटाच्या अगदी माथ्यावर. लातूर आणि नांदेडला शासकीय महाविद्यालयं, संभाजीनगरला घाटी म्हणतात ते सरकारी रुग्णालय. अडचण किनवट-माहूरच्या बाजूला येते, तिथून नांदेड बरंच दूर. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी माहूरकडं डॉक्टरांना विचारूनच जावं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

गोळ्या दुप्पट दिवसांच्या न्याव्यात, निम्म्या गाडीत आणि निम्म्या खांद्याच्या पिशवीत. इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण गोठणकप्प्याला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. दोघांच्या औषधांची यादी मराठीत मोठ्या अक्षरात दाराच्या आत चिकटवलेली आहे.

बालाघाटात नेमकं कुठं जावं?

लातूरहून निघून आमची वाट अशी असते. अंबाजोगाईत दोन रात्री: योगेश्वरीचं दर्शन, हत्तीखाना म्हणतात ती लेणी, आणि गावाबाहेर दरीत मुकुंदराजांची समाधी. समाधीकडं पहाटे जा. मग धारूरचा किल्ला. पुढं मांजरसुंब्याजवळ कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा. तिथून पाटोद्याकडं, नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूनं सौताड्याला. सौताड्याचा विंचरणा नदीचा धबधबा दसऱ्यापर्यंत चांगला असतो, नंतर बारीक होतो. खाली दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, काठी घेऊन उतरा आणि वर येताना कुणी पुढं गेलं म्हणून पाय उचलू नका. परतताना येडशीचं रामलिंग. माकडांपासून चष्मा सांभाळा.

लातूर जिल्ह्यातच खरोशाची लेणी, देवर्जनजवळचं हत्तीबेट आणि वनौषधींसाठी ओळखलं जाणारं वडवळ नागनाथचं बेट आहे. ही घरापासून दिवसभराची ठिकाणं, पण गाडीची पहिली तालीम इथं छान होते.

अजिंठा-वेरूळ तर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुन्हा कशाला?

शाळेच्या सहलीत पळत पाहिलेलं असतं! वेरूळला ३४ लेणी आहेत आणि सहल फक्त कैलासाला वळसा घालून परत येते. आपल्याला आता वेळ आहे. एक दिवस बौद्ध लेणी, एक दिवस कैलास, एक दिवस शेवटची जैन लेणी, असं बघा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, मुक्काम त्या हिशेबानं ठरवा. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, पुढं बसनं जायचं. समोरच्या डोंगरावरच्या दर्शनबिंदूवरून वाघोरा नदीची घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी आणि तिच्या कड्यात ओळीनं कोरलेली लेणी एका नजरेत येतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती तशीच वरून दिसली. अश्विनात तिथलं गवत कमरेएवढं असतं.

पितळखोऱ्याला मात्र पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं. ह्यांचे गुडघे धड आहेत तोवर आम्ही जाणार.

गर्दीचे दिवस कोणते टाळावे?

अश्विन पौर्णिमेच्या आसपास तुळजापूरकडं गाडी घेऊन जाऊ नका. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत देवी श्रमनिद्रेत असते आणि पौर्णिमेला लाखो लोक पायी येतात. सोलापूरकडचा रस्ता वाहनांना बंद ठेवतात. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारची यात्रा, दत्तजयंतीला माहूर. गर्दीत सामील व्हायचं असेल तर गाडी घरी ठेवून एसटीनं जा. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत.

दोघंच एवढ्याशा जागेत. भांडणं होत नाहीत?

होतात. बहुतेक रस्ता विचारण्यावरून आणि खिडकी उघडी ठेवण्यावरून. आम्ही रोज दुपारी दोन तास बोलत नाही, हे ठरवूनच. ते झाडाखाली पेपर वाचतात, मी वहीत पक्षी लिहिते. नोकरीत असताना ह्यांची रात्रपाळी आणि माझी सकाळची शाळा, आठवड्यात धड एक जेवण बरोबर होत नसे. आता सलग इतके दिवस एका ताटाला बसतो, ते मला महत्त्वाचं वाटतं.

मुलं विरोध करत नाहीत?

सुरुवातीला केला. मग लेक एक रात्र आमच्याबरोबर अंबाजोगाईला राहिली. आता ती फोनवर फक्त एवढंच विचारते, आज कुठं आणि जेवलात का.

खर्च किती येतो?

आमची गाडी भरल्या वजनानं लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही आणि एका जागी दोन-तीन रात्री राहतो, त्यामुळे डिझेल आवाक्यात राहतं. जेवणाचा खर्च घरच्याएवढाच. पैसा जातो तो टायर, बॅटरी आणि विम्यात, म्हणून त्यासाठी दरमहा निवृत्तिवेतनातून वेगळी रक्कम काढून ठेवतो.

आम्हाला पहिल्यांदाच जायचंय. सुरुवात कशी करावी?

घरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत, ओळखीच्या गावी, पाहुण्यांच्या वाड्यासमोर गाडी लावून दोन रात्री झोपा. पहिल्या रात्री झोप नीट लागणार नाही, दुसऱ्या रात्री लागते. गाडीत काय कमी आहे आणि काय उगाच आणलंय हे त्या दोन दिवसांत समजतं. दिवाळीनंतरचा आठवडा चांगला. शाळा भरलेल्या नसतात, नातवंडांनाही घेऊन जाता येईल.